नोकरी सांभाळून जीआयएसचे आंतरराष्ट्रीय दूरस्थ शिक्षण: निवड कशी करावी आणि किती वेळ मोजून ठेवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षे आपण एका नियोजन कार्यालयात नकाशांचे आणि स्थळाधारित माहितीचे काम करीत आहात, साधने हाताखालून गेलेली आहेत, परंतु भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजे जीआयएसचे, औपचारिक शिक्षण झालेले नाही. परदेशी विद्यापीठाचा दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा की लहान लहान प्रमाणपत्रे मिळवीत जावे, आणि वर्ग व प्रयोगशाळा यांच्याशिवाय हा विषय खरोखर शिकता येतो का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः नोकरी करीत असा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि नंतर बरीच वर्षे अशाच अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासले. हे उत्तर त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवावर आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पूर्ण पदवीला एकदम हात घालू नये. ज्या पदव्युत्तर प्रमाणपत्राचे श्रेयांक (क्रेडिट) पुढे त्याच पदवीत धरले जातात, त्याची पहिली पायरी घ्यावी. आणि संस्था निवडताना विद्यापीठाचे नाव किंवा शिकवले जाणारे सॉफ्टवेअर यांच्या आधी एक गोष्ट विचारावी: आपण पाठवलेला स्वाध्याय कोण वाचणार, किती दिवसांत वाचणार आणि त्यावर काय लिहून परत पाठवणार.

वर्गाशिवाय हा विषय शिकता येतो का, या शंकेचे उत्तर इतिहासातच आहे. जीआयएस हा दूरस्थ शिक्षणाकडे फार लवकर वळलेला विषय आहे आणि त्याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा विद्यार्थी कोण होते यात सापडते. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने कॅनडात पहिली मोठी प्रणाली उभी राहिली, तेव्हापासून पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे हे काम करणारी माणसे वनविभाग, मोजणी, जलसंपत्ती, नगरनियोजन अशा खात्यांतून आली आणि कामातच शिकली. विद्यापीठांनी विषयाला रीतसर रूप द्यायला घेतले ते नंतर. अमेरिकेत १९८८ मध्ये भौगोलिक माहिती व विश्लेषणाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि १९९० मध्ये त्या केंद्राने मायकेल गुडचाइल्ड व कॅरेन केम्प यांच्या संपादनाखाली ७५ व्याख्यानांचा मूलभूत अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. जगभरच्या प्राध्यापकांनी वर्गात शिकवण्यासाठी तो उचलला. पण ज्यांना या शिक्षणाची सर्वांत जास्त निकड होती ती माणसे नोकरीत होती, कुटुंबात होती आणि दोन वर्षे रजा घेऊन दुसऱ्या देशात जाऊ शकत नव्हती.

याच सुमारास मँचेस्टर आणि आसपासच्या इंग्लिश संस्थांनी युनिजीआयएस नावाने दूरस्थ अभ्यासक्रम सुरू केला. नंतर ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग आणि नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथील विद्यापीठे त्या जाळ्यात आली, पुढे स्पेनमधील जिरोना आणि इक्वेडोरमधील कितो यांसारखी ठिकाणे जोडली गेली आणि एकाच आराखड्यावर वेगवेगळ्या भाषांत शिकवणारी आंतरराष्ट्रीय शृंखला तयार झाली. सुरुवातीच्या काळात छापील धडे टपालाने यायचे, डेटा फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने १९९९ मध्ये इंटरनेटवरून प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. दूरस्थ जीआयएस शिक्षण ही अलीकडे घाईने उभारलेली सोय नाही, त्याला तीसहून अधिक वर्षांचा सराव आहे, एवढे यातून लक्षात यावे.

वर्गातल्या शिक्षणात जे सापडत नाही असे काही या पद्धतीत आहे, हेही सांगायला हवे. यूटीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या निर्देशांक पद्धतीत पृथ्वीचे ६० पट्टे पडतात, प्रत्येक ६ अंश रेखांशांचा. एका शहरातल्या वर्गात सर्वांचा पट्टा एकच असतो, त्यामुळे निर्देशांक प्रणाली हा पाठ करून विसरण्याचा विषय होतो. दूरस्थ गटात मात्र एक विद्यार्थी विषुववृत्ताजवळ बसलेला असतो, दुसरा ६० अंश उत्तरेला आणि तिसऱ्याच्या देशाची स्वतःची जुनी राष्ट्रीय प्रणाली असते. तीच कृती तिघांनी केली तरी उत्तरे वेगळी येतात आणि ती का वेगळी आली यावर जी चर्चा होते, तिच्यातून हा विषय कायमचा समजतो. माझा स्वतःचा प्रक्षेपणांविषयीचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतींविषयीचा, गोंधळ पुस्तकाने फिटला नव्हता. तो फिटवला एका सहाध्यायाने. त्याच्या नकाशावरची बेटे माझ्या कृतीने भलतीकडे सरकत होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जीआयएस सॉफ्टवेअरचा एक स्वभाव असा की चुकीची कृतीही ते विनातक्रार पूर्ण करते आणि नीटनेटका रंगीत नकाशा समोर ठेवते. प्रोग्रॅम लिहिताना चूक झाली तर बहुधा तो थांबतो. नकाशा थांबत नाही. म्हणून या विषयात स्वयंअध्ययनाला एक अंगभूत मर्यादा आहे: आपण चुकलो हे आपल्याला कळतच नाही.

एक उदाहरण घेऊ. एखाद्याला रुग्णालयांभोवती ५०० मीटरचा परिघ, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचा परिसर दाखवणारा बफर, काढायचा आहे. त्याचा डेटा वेब मर्केटर प्रक्षेपणात आहे, कारण पार्श्वभूमीचा ऑनलाइन नकाशा त्याच प्रक्षेपणात येतो आणि सर्व स्तर एकमेकांवर छान बसलेले दिसतात. त्याने ५०० हा आकडा भरला, एकक मीटर आहे हेही पाहिले. विषुववृत्ताजवळ उत्तर जवळजवळ बरोबर येईल. परंतु ६० अंश अक्षांशावर या प्रक्षेपणात लांबी दुप्पट ताणलेली असते, म्हणून कागदावरचे ५०० मीटर जमिनीवर सुमारे २५० मीटर भरतात आणि त्या वर्तुळाचे खरे क्षेत्रफळ अपेक्षेच्या एक चतुर्थांश होते. या परिघात किती लोक राहतात याची बेरीज त्याने अहवालात मांडली तर ती साफ चुकलेली असेल आणि नकाशा पाहून कोणालाही संशय येणार नाही. काही साधनांत भूपृष्ठाच्या वक्रतेचा विचार करणारा बफर निवडता येतो. पण तो निवडायला हवा हे ज्याला माहीत आहे, त्याने ही चूक मुळात केलीच नसती.

दुसरे उदाहरण उपग्रह प्रतिमांच्या वर्गीकरणाचे आहे, आणि ते मी तपासलेल्या स्वाध्यायांत सर्वांत जास्त वेळा आढळले. विद्यार्थी प्रतिमेवर शेती, वन, पाणी, वस्ती असे नमुन्यांचे बहुभुज आखतो, त्यांतील पिक्सेल (प्रतिमेचे बारीक चौकोन) यादृच्छिक पद्धतीने दोन भागांत विभागतो, एका भागावर वर्गीकरण करणाऱ्या संगणकीय प्रारूपाला शिकवतो आणि दुसऱ्या भागावर अचूकता मोजतो. निकाल ९५ टक्के किंवा त्याहून चांगला येतो. आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही भागांतील पिक्सेल एकाच शेतातले, अनेकदा अगदी शेजारचे असतात. जवळच्या गोष्टी दूरच्या गोष्टींपेक्षा एकमेकींशी अधिक निगडित असतात, हे वॉल्डो टोब्लर यांनी १९७० मध्ये मांडलेले तत्त्व प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या महिन्यात शिकवले जाते आणि त्याच विद्यार्थ्याने ते परीक्षेत बरोबर लिहिलेलेही असते. तेच तत्त्व इथे आपल्या अचूकतेचा आकडा फुगवीत आहे हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. परीक्षकाने समासात एवढेच लिहावे लागते की, नमुने बहुभुजांनुसार किंवा प्रदेशांनुसार विभागून पुन्हा मोजा. आकडा खाली येतो, कधी कधी बराच खाली येतो, आणि त्या दिवशी विद्यार्थी खऱ्या अर्थाने काही शिकतो.

समासातील अशा टिपणीसाठीच आपण शुल्क भरत असता. चित्रफिती, पाठ्यसामग्री, सराव डेटा हे सर्व आज बहुतांशी विनामूल्य मिळते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांचा संपूर्ण संग्रह २००८ पासून सर्वांना खुला आहे, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा सुरुवातीपासूनच मुक्त आहे, लोकसहभागातून तयार होणारा ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ पासून वाढत आहे आणि क्यूजीआयएससारखे समर्थ मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही उतरवून घेता येते. दूरसंवेदनातले, म्हणजे उपग्रह प्रतिमांवरून माहिती मिळवण्याचे, उत्तम लघु अभ्यासक्रम नासाच्या आर्सेट कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. पेन्सिल्व्हेनिया स्टेटने २०१३ मध्ये नकाशाशास्त्रावरील एक खुला ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला तेव्हा चाळीस हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. अखेरपर्यंत टिकणारे, अशा सर्वच खुल्या अभ्यासक्रमांप्रमाणे, त्यांतले थोडे होते. अशा अभ्यासक्रमांना मी कमी लेखत नाही. ओळख करून घेण्यासाठी आणि एखादे नवे तंत्र उचलण्यासाठी त्यांच्यासारखे साधन नाही. पण तिथे एकमेकांचे काम विद्यार्थीच तपासतात किंवा बहुपर्यायी प्रश्न संगणक तपासतो, आणि वर सांगितलेली दोन्ही उदाहरणे त्या चाळणीतून सहज निसटतात.

म्हणून संस्थेला पत्र लिहाल तेव्हा माहितीपुस्तिका मागण्यापेक्षा तपासलेल्या एका जुन्या स्वाध्यायाचा नमुना मागावा, विद्यार्थ्याचे नाव झाकून. चांगल्या संस्था तो देतात, किंवा निदान अभिप्राय कशा स्वरूपाचा असतो ते सविस्तर सांगतात. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात हेही विचारावे. मला एकदा एका अभ्यासक्रमात तपासनीस म्हणून बोलावले होते, तिथे दर स्वाध्यायामागे एवढी थोडी मिनिटे धरलेली होती की गुणांच्या चौकटी भरण्यापलीकडे काही करणे शक्य नव्हते. मी ते काम दुसऱ्या सत्रात सोडले. ती संस्था नावाजलेली होती, आणि तिच्या माहितीपुस्तिकेत वैयक्तिक मार्गदर्शन हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते.

वेळेचा हिशेब हा दुसरा विषय, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. एखादी पदव्युत्तर पदवी १२० श्रेयांकांची असेल तर तिला ३,००० ते ३,६०० तास लागतात. दोन वर्षांत ती पूर्ण करायची म्हटले तर आठवड्याला २९ ते ३५ तास होतात, म्हणजे नोकरीखेरीज दुसरी नोकरी. तीन वर्षे घेतली तरी आठवड्याला १९ ते २३ तास उरतातच. ब्रिटिश पद्धत वेगळी आहे: तिथे पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते, पण एक श्रेयांक १० तासांचा, म्हणजे एकूण १,८०० तास. तीन वर्षांत, मधल्या सुट्ट्या वगळून, आठवड्याला सुमारे १२ तास. दोन्ही कागदांवर पदवीचे नाव सारखेच दिसते. कामाचा भार मात्र जवळजवळ दुप्पट वेगळा असतो. अनुभवी माणसाला हे तास प्रत्यक्षात कमी लागतात हे खरे आहे, विशेषतः डेटा हाताळणीच्या घटकांत. पण जेवढे तास तिथे वाचतात तेवढेच संख्याशास्त्र आणि शास्त्रीय लेखन यांत जातात, असा माझा अनुभव आहे.

ब्रिटिश रचनेत ६० श्रेयांकांवर पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० वर पदविका आणि शोधप्रबंधासह १८० वर पदवी अशा पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर थांबलात तरी हातात काही राहते, आणि पुढे गेलात तर केलेले काम वाया जात नाही. इतर देशांतल्या अनेक संस्थांनीही एका वर्षाचा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि त्यावर पदवीचा मजला अशी सोय ठेवलेली आहे. मात्र श्रेयांक आपोआप धरले जातात की त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे शुल्क किंवा कालमर्यादा आहे, हे लेखी विचारून घ्यावे. तसेच दूरस्थ पद्धतीने मिळवलेल्या परदेशी पदवीला आपल्या देशात समकक्षता मिळते का, याचे उत्तर त्या विद्यापीठाकडे नसते. ते आपल्या देशातील समकक्षता ठरवणाऱ्या अधिकृत संस्थेकडूनच घ्यावे लागते. शासकीय पदोन्नती किंवा पुढे पीएचडी हा हेतू असेल तर ही चौकशी प्रवेशाआधी करावी. खाजगी क्षेत्रात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

अभ्यासक्रमात काय असावे याविषयी. अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये या विषयाचा ज्ञानसंग्रह प्रसिद्ध केला; त्यात १० ज्ञानक्षेत्रे, ७३ घटक आणि ३२९ विषय होते, आणि आता त्याची डिजिटल आवृत्ती सतत सुधारली जाते. त्या दहा क्षेत्रांत विश्लेषण पद्धती, नकाशारेखन, डेटा प्रारूपे यांच्याबरोबरच समाज आणि संस्थात्मक व्यवहार यांनाही स्वतंत्र जागा दिलेली आहे. कोणत्याही अभ्यासक्रमाची विषयसूची या दहा क्षेत्रांशेजारी ठेवून पाहावी. सर्व दहा क्षेत्रे एकाच अभ्यासक्रमात यावीत असा आग्रह नको, पण दोन-तीन क्षेत्रांतच सगळा वेळ जात असेल तर तो अभ्यासक्रम नसून सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण आहे असे समजावे.

सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणात वाईट काही नाही. ते लवकर शिळे होते एवढेच. ज्यांनी आर्कमॅप या जीआयएस सॉफ्टवेअरच्या कळा पाठ केल्या, त्यांना २०१५ मध्ये आलेल्या आर्कजीआयएस प्रोमध्ये बरेचसे पुन्हा शिकावे लागले, आणि आर्कमॅपचा अधिकृत आधार मार्च २०२६ पर्यंतचाच होता. ज्यांनी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती २ मध्ये आज्ञावल्या (स्क्रिप्ट) लिहून ठेवल्या होत्या त्यांना २०२० नंतर त्या बदलून घ्याव्या लागल्या. उलट अवकाशीय स्वसंबंध (जवळच्या जागांची मूल्ये एकमेकांशी निगडित असणे), नकाशाचे प्रमाण आणि सामान्यीकरण (तपशील सोपा करणे), त्रुटींचा प्रसार, क्षेत्रसीमा बदलल्यावर आकडेवारीचे निष्कर्ष का बदलतात, हे विषय १९९० च्या त्या व्याख्यानांत होते आणि आजही तसेच आहेत. शेपफाइल या जुन्या फाइल-स्वरूपात स्तंभनामाला दहाच अक्षरे का चालतात हे माहीत असणे उपयोगाचे आहे. पण डेटा नीट रचणे म्हणजे काय हे ज्याला समजले, त्याला शेपफाइल जाऊन जिओपॅकेज हे नवे स्वरूप आले तरी अर्ध्या दिवसात जुळवून घेता येते. अवकाशीय डेटाबेस, म्हणजे स्थानासह माहिती साठवणारा डेटाबेस, मात्र प्रत्यक्ष चालवून शिकवला जातो का, हे जरूर पाहावे. सहा वर्षे फायलींवर काम केलेल्या माणसाला पोस्टजीआयएस या अशाच मुक्त डेटाबेसवरचे एक सत्र जेवढे पुढे नेते, तेवढे दुसरे काही नेत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वर्णनावरून ते आपल्याला विशेष लागू पडते.

व्यावसायिक प्रमाणपत्रांचा प्रश्न वेगळा आहे आणि लोक तो शिक्षणाशी मिसळतात. सॉफ्टवेअर कंपनीचे तांत्रिक प्रमाणपत्र एका उत्पादनातील कौशल्य दाखवते. अमेरिकेतील जीआयएसपी हे व्यावसायिक प्रमाणन २००४ पासून दिले जाते. त्यात शिक्षण, अनुभव आणि क्षेत्रासाठी केलेले योगदान यांची नोंद तपासली जाते, किमान चार वर्षांचा अनुभव लागतो आणि २०१५ पासून त्याला परीक्षेची जोड दिली गेली. ब्रिटनमध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी सनदी भूगोलतज्ज्ञ ही मान्यता देते आणि तिच्यात जीआयएसची स्वतंत्र शाखा आहे. ही प्रमाणने नवे काही शिकवीत नाहीत. शिकलेले आणि केलेले मोजतात, आणि ठरावीक काळाने नूतनीकरण मागतात. ज्या देशांत नियुक्तीच्या जाहिरातींत त्यांचा उल्लेख येतो तिथे ती उपयोगी, अन्यथा घाई करू नये. लहान प्रमाणपत्रे गोळा करीत जावे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच देतो: नेमकी गरज भासल्यावर केलेले एक चांगले असते, पण दहांची बेरीज करून पदवी होत नाही, कारण त्यांतील प्रत्येक प्रमाणपत्र पहिल्या धड्यापासून सुरुवात करते आणि कोणतेच चौथ्या धड्यापलीकडे नेत नाही.

काही व्यावहारिक बाबी थोडक्यात. विद्यार्थी परवान्याचे सॉफ्टवेअर कार्यालयीन कामाला वापरणे सहसा परवान्याच्या अटींत बसत नाही आणि अभ्यासक्रम संपताच तो परवानाही संपतो. म्हणून महत्त्वाची कामे मुक्त साधनांतही करून ठेवावीत. सेंटिनेल-२ च्या एकेका चौकटीची फाइल शेकडो मेगाबाइटची असते, तेव्हा इंटरनेटचा वेग कमी असेल तर गूगल अर्थ इंजिनसारखी, डेटा न उतरवता दूरच्या सर्व्हरवरच प्रक्रिया करणारी सोय अभ्यासक्रमात आहे का ते विचारावे. थेट वर्ग कोणत्या वेळी असतात आणि त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण मिळते का, हे आपल्या वेळपट्ट्याशी ताडून पाहावे. शिकवण्याची भाषा इंग्रजी असेल तर वाचनापेक्षा लेखन जड जाते; पहिल्या सत्रात भाषेमुळे गुण गेले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

आता शोधप्रबंध, कारण पदवीपर्यंत गेलात तर गाडी अडते ती याच ठिकाणी. दूरस्थ विद्यार्थी दोन जागी गळतात: पहिल्या घटकानंतर लगेच, आणि सर्व घटक संपवून प्रबंध राहिलेला असताना. पहिली गळती समजण्यासारखी आहे, ज्याला हे आपले काम नव्हे असे वाटले तो बाजूला होतो. दुसरी गळती दुःखद असते आणि बहुधा टाळता येण्यासारखी. घटकांना मुदती असतात, प्रबंधाला नसतात. घटकांत डेटा दिलेला असतो, प्रबंधात तो आपण आणायचा असतो.

आपल्यासारख्या नोकरदाराचे खरे बळ इथेच आहे. ज्या प्रश्नाशी आपण रोज झुंजता तोच प्रबंधाचा विषय करावा: उदाहरणार्थ जमीनवापराच्या दोन काळांतील नोंदी जुळत का नाहीत, किंवा एखाद्या सेवेपर्यंत पोहोचण्याचे अंतर सरळ रेषेत मोजण्याऐवजी रस्त्यांच्या जाळ्यावरून मोजले तर नियोजनाचे निष्कर्ष किती बदलतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला असा प्रश्न शोधण्यातच दोन महिने जातात, आणि सापडला तरी त्यामागची प्रशासकीय पार्श्वभूमी त्याच्याकडे नसते. परीक्षकाच्या नजरेतून सांगतो: वापरलेले तंत्र साधे असले तरी चालते, पण प्रश्न खरा असेल तर प्रबंध दुसऱ्या पानापासूनच वेगळा वाचला जातो.

एक सावधगिरी मात्र मी स्वतः चुकून शिकलो. कार्यालयातील डेटा वापरता येईल असे मी गृहीत धरले, वरिष्ठांनी तोंडी होकारही दिला, आणि पाच महिन्यांच्या कामानंतर विधी विभागाने तो देशाबाहेरील विद्यापीठाला दाखवता येणार नाही असे कळवले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. त्या नोंदींत खाजगी मालकीची माहिती होती. मला सर्व काम खुल्या डेटावर नव्याने करावे लागले आणि एक सत्र लांबले. तेव्हा परवानगी लेखी घ्यावी, तीत कोणता डेटा, कोणासमोर, कोणत्या स्वरूपात आणि प्रसिद्ध होणार की नाही हे स्पष्ट असावे, आणि ती पहिल्या वर्षातच मागावी. ती मिळणार नसेल तर तोच प्रश्न खुल्या डेटावर मांडता येतो का याचा विचार करायला तेव्हा वेळ असतो.

अलीकडे एक प्रश्न हमखास येतो: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून आज्ञावली लिहून घेतली तर चालेल का. बहुतेक संस्थांचे यासंबंधीचे नियम लेखी असतात. ते वाचावेत आणि पाळावेत. माझा अनुभव एवढाच की अशी आज्ञावली बहुधा चालते, पण निर्देशांक प्रणालीच्या बाबतीत ती तीच चूक करते जी बफरच्या उदाहरणात आपण पाहिली, आणि तितक्याच आत्मविश्वासाने. प्रत्येक पायरीवर निकालाची एक हाताने केलेली पडताळणी ठेवली, उदाहरणार्थ ज्याचे क्षेत्रफळ आपल्याला ठाऊक आहे अशा एखाद्या भूखंडाची, तर अशा चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात.

प्रवेश येत्या सत्रात घ्यावा की वर्षभर थांबावे, हे आपण शेवटी विचारले आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, पण ते तीन आठवड्यांत आपले आपल्याला मिळू शकते. एखादा विनामूल्य लघु अभ्यासक्रम निवडा, त्यातील पद्धत आपल्या स्वतःच्या परिचयाच्या डेटावर लावून पाहा आणि दर आठवड्याला १२ तास, म्हणजे एकूण ३६ तास, कोणत्या दिवशी किती वेळ मिळाला ते वहीत लिहून ठेवा. नोकरीतला एखादा गर्दीचा आठवडा या तीनांत मुद्दाम येऊ द्यावा. वहीतली बेरीज ३० च्या वर गेली तर प्रमाणपत्राच्या पायरीसाठी अर्ज करावा. ती २० च्या खाली राहिली तर अर्ज करण्याआधी कार्यालयाकडे आठवड्यातून अर्धा दिवस अभ्यासरजा मिळते का ते विचारावे. ज्या कामाचा उपयोग कार्यालयालाच होणार आहे त्यासाठी ती अनेकदा मिळते, आणि प्रबंधाच्या डेटासाठी लागणाऱ्या लेखी परवानगीचा विषयही त्याच भेटीत काढता येतो.